घाणेवाल्याचं प्रोटीन

शेंगदाणे म्हणजे प्रोटीन, असं धरून मी दीड महिना भाकरी सोडली आणि दाणे खाल्ले. वजन दोन किलोनं वाढलं.

दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला हसून सोडून दिलं असतं. पण शिराळ्याजवळ माझा स्वतःचा तेलघाणा आहे. शंभर किलो दाणे घातले की चाळीस किलोच्या आसपास तेल निघतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. जन्म गेला दाण्यातून तेल गळताना बघण्यात. आणि तेच दाणे मी वजन उतरवायला खात बसलो.

सगळं सुरू झालं हर्नियापासून. पोतं उचलताना बेंबीजवळ काहीतरी फुगून वर आलं. मिरजेच्या सर्जननी दाबून बघितलं आणि म्हणाले, "ऑपरेशन करायला लागेल, पण आत्ता नाही. एवढ्या चरबीवर शिवलेलं टिकत नाही. चार महिन्यांत आठ किलो उतरवून या. तोवर काही उचलायचं नाही. आणि आत काही अडकून दुखायला लागलं तर थेट इकडं यायचं."

"आठ कशाला, दहा उतरवतो की," मी म्हणालो. कुणी आकडा सांगितला की त्याच्या वर बोली लावायची माझी जुनी खोड आहे.

घरी आल्यावर कळलं की बोली लावणं तेवढं सोपं होतं. मी पोटाला पट्टा बांधून खुर्चीत बसायचो आणि बायको पाटी भरभरून दाणे घाण्यात ओतायची, पंधरा किलोचे डबे ओढायची. गिऱ्हाइकं आधी तिच्याकडं बघायची, मग माझ्याकडं. बोलायचं कुणी नाही. ते बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

तेवढ्यात फलटणहून मेहुणा आला. फौजेतून निवृत्त झालेला, पोट सपाट, बोलणं त्याहून सपाट. "दाजी, भाकरी बंद, भात बंद, गूळ बंद. कार्ब म्हंजे दुश्मन. निस्तं प्रोटीन खावा. सीधी बात."

"ते कशात असतंय?"

"अंडी, चिकन, डाळी, शेंगदाणे..."

शेंगदाण्याच्या पुढचं मी ऐकलंच नाही. घरात पोत्यानं प्रोटीन पडलंय म्हटल्यावर ऐकायचं काय? सकाळी एक मूठ, गिऱ्हाईक आलं की एक मूठ, बायको डबा ओढताना दिसली की लाजेची एक मूठ. अंडीही खाल्ली, पण आमच्याच तेलात पोहणारी. भाकरीवाचून दुपारी डोकं धरायचं. एका म्हाताऱ्याला, बाटलीचं बूच नीट लावत नाही म्हणून, मी इतकं झापलं की तो तेल तिथंच ठेवून गेला.

"आवं," बायको म्हणाली, "भाकरी सोडलीया का भांडाय घेतलंय?"

दीड महिन्यानं काट्यावर उभा राहिलो आणि दोन किलो जास्त निघाले. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, तुमी चोरून भाकरी खाताय."

मी खोटा, हे चाललं असतं. पण दीड महिना मी जिच्या नुसत्या वासावर काढला, त्या भाकरीवर आळ? त्या दिवशी ठरवलं की आता वजनही उतरवायचं आणि भाकरी खाऊनच उतरवायचं.

मिरजेत त्याच दवाखान्यात आहार सांगणारी एक मुलगी बसते, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं आदल्या दिवशी खाल्लेलं सगळं लिहून घेतलं. मुठी मोजताना तिचं पेन थांबलं.

"काका, काम काय करता?"

"तेलघाणा आहे."

"कशाचा?"

"शेंगदाण्याचा."

तिनं पेन खाली ठेवलं. "तेल काढल्यावर मागं काय राहतं?"

"पेंड."

"ती कोण खातं?"

"म्हशी."

"मग तुमच्यापेक्षा म्हशींचं बरं चाललंय. दाण्यात प्रोटीन आहे काका, पण त्याच्या जवळजवळ दुप्पट तेल आहे. तुम्ही दिवसभर तेल चावून खात होता."

शेजारी बसलेली बायको पदर तोंडात कोंबून हसली. पदर पुरला नाही. बाहेर नंबर लावून बसलेली माणसं आत डोकावली.

मी मात्र अडून बसलो. "ताई, ओट्स-बिट्स लिहू नका. भाकरी सोडणार नाही."

"मी कुठं सोडा म्हणाले? दोन्ही वेळा एकेक खा. मटकी नाहीतर हुलग्याची घट्ट उसळ मोठी वाटी, दोन उकडलेली अंडी, ताक, काकडी. भाकरीनं चालायला बळ येईल, उसळ-अंड्यांनी भूक टिकेल आणि अंगातलं मांस झडणार नाही. तेल मात्र दिवसाला तीन चमचे. दाण्याचा कूट त्यातच धरायचा."

तेल विकणाऱ्याला तीन चमचे! पण मी मोजले. रोज पहाटे ओढ्यापर्यंत चाललो. लोक हसले, तेल न्यायला आलेले तर जास्तच हसले.

खरी लढाई फलटणला झाली. मेहुण्याकडं नातवाचं जावळ होतं, मटणाचं जेवण. वाटीत बोटभर तर्री. मी पळी मागून घेतली आणि सगळ्या पंगतीदेखत ती तर्री काढून दुसऱ्या वाटीत ठेवली. मटणाच्या पंगतीत एवढा गुन्हा अजून कुणी केला नसेल. वाढपी जागच्या जागी उभा राहिला.

"दाजी, हे काय? तेलवालाच तेल काढाय लागला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांनी माझ्याकडनं न्यायचं," मी म्हणालो आणि त्याच्या डोळ्यांत बघत भाकरी मोडली. तीन घास सावकाश चावले. "आणि हे बघ, चोरून खात नाहीये."

चार महिने भरले. मिरजेत काट्यावर उभा राहिलो. साडेसात किलो उतरले होते. ते वाढलेले दोन धरले तर साडेनऊ, पण सर्जन ते धरायला तयार नव्हते. मी घड्याळ काढलं, पट्टा काढला, मोबाइल काढला, शर्ट काढला. काटा आळशी, जरासाच हलला.

"चालेल हो," सर्जन हसत म्हणाले. "पुढच्या मंगळवारी घेऊ ऑपरेशन."

तारीख मिळाली होती. शहाण्या माणसानं शर्ट घातला असता. पण आठ म्हणजे आठ. सवलत घेतली असं फलटणला कळलं असतं तर? "थांबा डॉक्टर, आठ पुरे करूनच जातो," म्हणत मी पँटच्या बटणाला हात घातला.

काट्याशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनं वहीतून मान वर केली.

"मामा, पँट ऱ्हाऊ द्या. आमचं जेवण व्हायचंय अजून."