माळ्यावरचा सर्व्हर

‘स्वतःचा सर्व्हर घरच्या घरी चालवा, आता अगदी कुणालाही जमेल,’ असं त्या वेबसाइटवर लिहिलं होतं. कुणालाही म्हणजे नक्की कुणाला, हे मात्र लिहिलं नव्हतं. ते आता मला कळलंय. जो एकटा राहतो, ज्याला गाव नाही, ज्याच्याकडे गणपतीत घराला कुलूप लावून कोकणात जायची पद्धत नाही आणि ज्याचे वडील त्याच्या घरात राहत नाहीत, अशा कुणालाही ते आरामात जमेल. मी बोरीवलीला बाबांबरोबर राहते.

सुरुवात झाली ती चिडण्यातून. माझ्या बहुतेक चांगल्या कामांची सुरुवात तशीच होते. फोनमधले फोटो मी ज्या कंपनीच्या गोदामात फुकट ठेवत होते, ती रोज सकाळी मला दम द्यायला लागली, जागा भरली, आता भाडं द्या. आधी फुकटची सवय लावायची आणि मग आपल्याच आईच्या फोटोसाठी आपल्याकडे हप्ता मागायचा. मी म्हटलं, गेलात उडत. माझं सामान मी माझ्या घरात ठेवीन. शिवाय मी ऑफिसात कंप्यूटर विभागात आहे. म्हणजे लोकांना दिवसभर ‘बंद करून परत चालू करा’ एवढंच सांगते, पण घरात आणि नातेवाइकांत माझा दरारा शास्त्रज्ञाचा आहे.

आणि खरं सांगायचं तर ते सोपं निघालं. या लोकांनी काय काय सोपं करून ठेवलंय! बिजागरी तुटलेला एक जुना लॅपटॉप घेतला, त्यात त्यांची प्रणाली टाकली, चार वेळा ‘पुढे’ दाबलं आणि माझा सर्व्हर तयार झाला. आईचे फोटो, बाबांचे रक्ताचे रिपोर्ट, विजेची बिलं, सगळं त्यात गेलं. सगळे पासवर्ड जपून ठेवणारं एक डिजिटल कपाटही मी त्याच्यातच बसवलं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, म्हणून वीज गेल्यावर तो आणि वायफायचा डबा तग धरतील अशी एक वेगळी बॅटरीची पेटी आणली. चोर आला तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून मशीन सुरू होतानाच लांबलचक पासवर्ड मागेल अशी सोय केली. मग हे सगळं वायफायच्या डब्याशेजारी, माळ्यावर, पितळेची पातेली आणि गौरीचे मुखवटे यांच्यामध्ये नेऊन ठेवलं.

“घरात काय कमी पसारा आहे म्हणून तू दुकान टाकलंस?” बाबा खालून म्हणाले.

“बाबा, हा आपला सर्व्हर आहे. जगात कुठूनही उघडता येईल.”

“जगात कुठे जातेस तू? बोरीवली पश्चिमेला गेलीस तरी दमतेस.”

पण बाबांना त्या मशीनमध्ये एक गोष्ट हवी होती, आणि तेवढ्यासाठी त्यांनी माळ्यावरचा तिचा लुकलुकणारा दिवा सहन केला. ते होतं थोरल्या काकांचं गाऱ्हाणं.

आमच्या गावच्या घरी गणपतीची पूजा झाली की घरातला थोरला पुरुष देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे काय, तर मालवणीत देवाशी सरळ बोलायचं. काय चुकलं ते पोटात घाल, कुणाचं लग्न अडलंय ते जमव, कुणाला नोकरी दे. प्रत्येक मागणीनंतर बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हे काम कायम थोरल्या काकांचं. त्यांचा आवाज असा, की देवाला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोयच नव्हती. त्यांच्या शेवटच्या गणपतीत मी सहज म्हणून फोनवर ते रेकॉर्ड केलं. पुढच्या वर्षी सुतकात गणपती आणला नाही. आता वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं आणि गाऱ्हाणं घालायची पाळी बाबांवर आली होती.

बाबा घाबरले होते. ते कबूल करत नव्हते, पण चहा पिताना मध्येच थांबून ओठ हलवायचे आणि मी बघितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. चाळीस वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाची मालवणी कुळथाच्या पिठासारखी गावाहून येताना येते आणि नंतर डब्यात पडून राहते. एकदा मात्र ते बोलून गेले, “भाऊचं सगळं गाव ऐकायचं गं. माझं कोण ऐकणार? मध्येच अडकलो तर देवासमोर शोभा.”

“मग आत्ताच ऐका ना. लावू?”

“इथे नको. फ्लॅटमध्ये गाऱ्हाणं लावायचं नसतं. खाली पार्किंग, वर लोकांचे संडास, देवाला उभं कुठे करू? गावी गेल्यावर ऐकेन. तू म्हणालीस ना, जगात कुठूनही उघडतं?”

“कुठूनही,” मी म्हटलं. त्या शब्दात काय माज होता, तो माझा मलाच आठवतो. रेकॉर्डिंग आता सर्व्हरवर सुखरूप आहे तेव्हा फोनमधून काढून टाकू का, असं त्या अॅपने अतिशय अदबीने विचारलं होतं आणि मी अतिशय अदबीने होकार दिला होता.

कोकणातला माणूस मुंबईतलं घर बंद करतो तेव्हा तो एक विधीच असतो. आधी फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवायचं. मग गॅसचा खटका, मग नळ, मग खिडक्या, मग परत गॅस. तुळशीला पाणी घालायला किल्ली समोरच्या बेनकडे द्यायची. त्या आमच्या गुजराती शेजारीण, आई गेल्यापासून बाबांच्या पथ्यपाण्यावर त्यांचीच हुकूमत. आम्ही निघालो त्या दिवशी हे सगळं बाबांनी एकट्याने केलं, कारण मी खाली रिक्षावाल्याशी आंबोळीच्या तव्याला जागा करून देण्यावरून भांडत होते. बाबा किल्ली देऊन उतरले तेव्हा त्यांच्या तोंडावर समाधान होतं. मला त्याचं कारण विचारायचं सुचलं नाही.

वाटेत एकदा सर्व्हर उघडून बघितला, उघडला. अभिमानाने बाबांना दाखवलासुद्धा. पनवेलच्या पुढे तो उघडेना. मी म्हटलं, नेटवर्क नाही. संध्याकाळी गावी पोचलो. नेटवर्क आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, चिकूच्या झाडाखाली येतं, तिथे मी उभी राहिले. इतर सगळं उघडत होतं. अख्खं जग उघडत होतं. फक्त माझं घर उघडत नव्हतं.

“लाव बघू,” बाबा खुर्ची घेऊन चिकूखाली आले. काकी, म्हणजे थोरल्या काकांच्या पत्नी, ओटीवर खोबरं खवत होत्या. त्यांचे हात थांबले.

“बाबा,” मी विचारलं, “तुम्ही निघताना मेन स्विच बंद केलात?”

“मग!” बाबा म्हणाले. “तुला काय वाटलं, म्हातारा झालो म्हणून विसरलो?”

माझ्या लहानपणापासून हा माणूस गावी जाताना मेन स्विच बंद करत आला आहे. त्या वेबसाइटवाल्यांनी हॅकर, आग, खराब डिस्क, सगळ्यांचा विचार केला होता. त्यांना माझे बाबा ठाऊक नव्हते. मला होते, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बॅटरीची पेटी बिचारी पनवेलपर्यंत झुंजली असणार.

बाबांना समजायला जरा वेळ लागला. मग ते “बरं” म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला मी उत्तर देऊ शकते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सकाळी आत पूजा सुरू झाली आणि मी चिकूखाली जाऊन बेनना फोन लावला.

“बेन, आमच्या घरात जाऊन मेन स्विच चालू कराल?”

“नाय हं,” बेन म्हणाल्या. “तुझा पप्पा बोलून गेलाय, काय पण झालं तरी स्विचला हात नाय लावायचा. घरात आग लागली तर?”

“काही आग लागत नाही.”

“मग पप्पाला दे फोन, तो बोलू दे.”

“ते पूजेला बसलेत!”

“बघ. पूजेमधून उठवते काय बापाला?”

जगातला कुठलाही हॅकर बेनपुढे टिकला नसता. शेवटी मी रडवेली झाले तेव्हा त्या विरघळल्या. स्विच लावला, स्टूल आणलं, गुडघ्याला आणि मला शिव्या देत चढल्या आणि लॅपटॉपचं बटण दाबलं.

“पासवर्ड मागतो हा.”

चोरासाठी ठेवलेला तो लांबलचक पासवर्ड. मला तो पाठ नव्हता. पाठ कशाला करायचा, पासवर्ड जपणारं कपाट होतं ना! कपाट उघडायला गेले तर फोन म्हणाला, सर्व्हर सापडत नाही. कपाटाची किल्ली मी कपाटात ठेवून वर कपाटाला कुलूप लावलं होतं, आणि हे सगळं मी शुद्धीत असताना, चार वेळा ‘पुढे’ दाबून केलं होतं. मी आठवतील तसे तुकडे सांगत गेले, बेन एकेक अक्षर शोधून दाबत गेल्या आणि मशीन दरवेळी नाही म्हणत गेलं.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

“बा देवा म्हाराजा...”

माझ्यासाठी न थांबता त्यांनी सुरुवात केली होती. आवाज काकांसारखा नव्हता, बारीक होता. “आज दोन वर्सांनी तुका घराक हाडलो, जशी जमली तशी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा...”

आणि मग काहीच नाही. मी कान टवकारले. आतून शब्द येईना. अडकले. ज्याला ते भीत होते तेच झालं होतं, माझ्या हुशारीमुळे, देवासमोर. “बेन, लवकर, शेवटी एक आकडा लावून बघा,” म्हणत मी फोन तसाच कानाला लावून आत धावले.

बाबा देवापुढे हात जोडून उभे होते. पण ते देवाकडे बघत नव्हते, मान वळवून मागे बघत होते. माजघराच्या दाराजवळची ती जागा कायम त्यांची असायची. काका एक वाक्य म्हणायचे आणि तिथून बाबा उत्तर द्यायचे, सगळ्यांच्या आधी. जन्मभर ज्याने प्रत्येक वाक्यामागे हुंकार दिला, त्याला ती वाक्यं काय कुणी शिकवायची होती? आज ती जागा रिकामी होती. वाडीतले लोक आपापल्या घरी आपापल्या देवापुढे होते आणि काकी स्वयंपाकघरात मोदकांपाशी.

“कोणीतरी व्हय म्हाराजा म्हणूक व्हया मा,” बाबा मला म्हणाले. “मी थांबलंय कधीचो. खंय आसा तुझा लक्ष?”

मी त्यांच्या जागेवर जाऊन उभी राहिले. फोन खाली केला. बेन त्यात तुटक तुटक काहीतरी विचारत राहिल्या.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

बाबा देवाकडे वळले. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. “माझ्या चेडवान घरात ती मशीन हाडल्यान, पैसो घातल्यान, डोक्या घातल्यान. तेका जरा अक्कल दी रे म्हाराजा!”

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी; आणि गाऱ्हाण्याला नाही म्हणायची सोय नसते. “व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

“माझो थोरलो भाव हंयसर उभो रवान तुका हाक मारायचो. आता तो तुझ्याकडे इलो हा. तेका बरो सांभाळ रे म्हाराजा.”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. बाबा थांबले, वाट बघत. तेव्हा स्वयंपाकघरातून, मोदकांच्या वाफेतून, काकी म्हणाल्या,

“व्हय म्हाराजा.”