मामाचं पित्त आणि सुलूचं लग्न

बोरीवलीपासून मुलुंडपर्यंतचा एकही संडास माझ्या धाकट्या मामानं पारखायचा ठेवला नव्हता. ऐंशीनंतरची ती वर्षं. मामा राहायचा घाटकोपरला, पण कुठल्या क्षणी कुठं असायचं ते त्याचं पोट ठरवायचं. कुणाकडे गेला की चपला काढायच्या आधी विचारी, "संडास खय असा?" मयताला गेला तरी आधी घराचा नकाशा समजून घेई, मग रडे. नाक्यावरच्या डॉक्टरांनी आमांश ठरवून गोळ्या दिल्या. दुसऱ्या एकानं टेन्शन आहे म्हटलं, तेव्हा मामाला खरंच टेन्शन आलं. मामीनं दृष्ट काढली. तपासणीचा नमुना मामा श्रीखंडाच्या डब्यातून घेऊन निघाला, तर बसमध्ये शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "घरचं का हो?" मामा म्हणाला, "हो, घरचंच." रिपोर्ट मात्र दरवेळी झकास यायचे. जंत नाहीत, जंतू नाहीत, काहीच नाही. फक्त जुलाब.

मग सुलूचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं आणि मामाचा चेहराच उतरला. "कन्यादानाला काकाला बसव गं," तो तिला म्हणाला. "मधेच उठलो तर वाट लागेल माझी."

"तुम्ही नसाल तर मीही बसणार नाही," असं म्हणून सुलूनं त्याला धरून मुलुंडच्या एका पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही होतो बरोबर. बाईंनी पोट दाबलं आणि विचारलं, "हा व्रण कसला?"

"पित्ताशय काढलं ना! खडे झालेले."

"आणि जुलाब कधीपासून?"

मामा विचारात पडला. "त्यानंतरच की. पण बाई, ते वर, हे खाली. संबंध काय?"

बाई हसल्या. पित्त साठवायची पिशवीच गेली, म्हणाल्या, त्यामुळे ते आतड्यात सतत झिरपतं. जास्तीचं मोठ्या आतड्यात उतरलं की तिथं झोंबतं आणि पाणी सुटतं. एक पावडर आहे, ती पित्ताला धरून ठेवते. "घेऊन बघा. थांबलं, तर हेच कारण होतं असं समजू."

पावडर इथं मिळेना, ती अबुधाबीला नोकरी करणाऱ्या शेजाऱ्यानं आणली. चवीला चिकट वाळू. मामा डोळे मिटून कोकम सरबतातून प्यायचा. आठवडाभरात तो बायकोबरोबर बाजारात जाऊन भाजीचा भाव करू लागला, आणि मामीला त्याचाच वैताग आला.

लग्नात मामा पाटावर असा बसला, की भटजी दमले पण हा हलेना. कन्यादान झालं, जेवणं झाली, सुलू सगळ्यांच्या गळ्यात पडून गाडीत बसली. गाडी गेली. हॉलवाले खुर्च्या उचलू लागले तरी मामा एकटाच बसून होता.

"मामा, पोट ठीक आहे ना?"

"पोट ठीक असा रे." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "आजवर कुणाची पाठवणी धड बघितलीच नव्हती मी. त्या वेळी नेमका आत असायचो. एवढं दुखतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मी त्याच्या शेजारी बसलो.