आयर्लंड, व्हाया हॅलिफॅक्स

"थांबा, आधी मला नीट गोंधळू द्या."

कुणी काही सांगायला लागलं की आमचे शेजारी ट्रॅफिक थांबवल्यासारखा हात वर करायचे आणि हे वाक्य म्हणायचे. सांगणारा सांगत असायचा साधंच. उद्या लिफ्ट बंद आहे, किंवा बेसमेंटमधल्या पार्किंगची सफाई आहे. पण ते एका झटक्यात समजून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. आधी गोंधळायचं, मग दोनचार उलटसुलट प्रश्न विचारायचे आणि मगच मान डोलवायची. तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेलच. नसेल, तर तुमचे दिवस फारच सरळ चालले आहेत असं मी म्हणेन.

त्यांनी उभा जन्म टोरंटोच्या स्कारबरो भागात सिटी बस चालवली होती. गोंधळाचं हे शास्त्र तिथलंच. "ताई, बसमध्ये चढताना जो विचारतो की ही बस कुठे जाते, तो बरोबर पोचतो. ज्याला सगळं ठाऊक असतं, तो शेवटच्या स्टॉपवर माझ्याशी भांडतो," असं ते सांगायचे. मी लॅबमध्ये रक्त तपासण्यात आयुष्य घालवलेली बाई. आमच्याकडे गोंधळ म्हणजे गुन्हा. त्यामुळे सुरुवातीला मला हा माणूस जरा अतीच वाटायचा.

आम्ही एकाच कॉन्डो बिल्डिंगमध्ये, एकाच मजल्यावर राहायचो. मी साताऱ्याकडची, ते वसईचे कॅथलिक. रविवारी मिस्सा चुकवायचे नाहीत आणि संध्याकाळी मराठीत गप्पा मारल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. त्यांची बायको त्यांच्या अगदी उलट. चटपटीत. लिफ्टमध्ये मला फोनवर मराठी बोलताना ऐकलं, तर दुसऱ्या दिवशी बरणीभर घरचा बाटली मसाला, म्हणजे त्यांचा वसईकडचा तिखट मसाला, घेऊन दारात हजर. "आमच्या ह्यांना समजायला वेळ लागतो, म्हणून मीच आले," म्हणाली. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

ती लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली. तिथे एक आयरिश सिस्टर होत्या. तरुणपणी बोटीने हिंदुस्थानात आल्या आणि पुन्हा कधी घरी गेल्या नाहीत. त्या मुलींना सांगायच्या, माझा देश पाहायचा तर बोटीतून पाहा, आधी नुसती एक हिरवी रेघ दिसते. ते वाक्य हिच्या मनात जे बसलं ते बसलं. "मला एकदा आयर्लंड बघायचंय, आणि विमानातून नको, बोटीतून," असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. हे दर उन्हाळ्यात हात वर करायचे, "थांब, आधी मला गोंधळू दे." असं करता करता ती आजारी पडली आणि गेली. आयर्लंड राहूनच गेलं.

त्यांना एकच मुलगा. तो पार पूर्व किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला नोकरीला, बायकोमुलं तिथेच. आईच्या फ्युनरलला आला, चार दिवस खाली मान घालून वावरला आणि परत गेला. त्यानंतर त्याच्या तोंडून आईचं नाव निघालं नाही. बापलेकांचा फोन व्हायचा, पण तो हवामान खात्याला साजेसा. तिकडे थंडी आहे? आहे. इकडेपण आहे. ओके डॅड, टेक केअर. फोन ठेवल्यावर हे मला म्हणायचे, "विसरला तो तिला." मी म्हणायचे, "असं कुणी विसरतं का?" पण मलाही खात्री नव्हती.

अशात एका मार्चमध्ये त्यांनी माझं दार वाजवलं. कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे शर्टाच्या खिशात.

"ताई, मुलाचा फोन होता. समरमध्ये आयर्लंडला जायचं म्हणतो. तो, सून, दोन्ही मुलं आणि मी. गाडी घेऊन."

"गाडी घेऊन आयर्लंडला?"

"मीपण तेच विचारलं. तर म्हणाला, डॅड, व्हॅन सरळ फेरीवर चढते. आपल्या वसई-भाईंदरला रो-रो झाली ना, तशी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला तिचं लक्षात आहे, ताई. पोरगा तोंडाने काही बोलला नाही, पण बोटीनेच न्यायचं ठरवलं बघा."

मला अगदी भरून आलं. मी त्यांना आत बोलावलं आणि शिरा केला.

त्यानंतरचे दोन-तीन महिने आमच्या मजल्यावर दुसरा विषय नव्हता. त्यांनी डायनिंग टेबलावर जगाचा नकाशा पसरला. टोरंटोहून हॅलिफॅक्स, तिथून विमानाने इंग्लंड, तिथे भाड्याची व्हॅन, वेल्समधल्या बंदरापर्यंत ड्रायव्हिंग, मग फेरी, मग डब्लिन. मी म्हटलं, "अहो, उडायचंच आहे तर थेट डब्लिनला का नाही?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग बोट कुठे राहिली?"

मुलगा फोनवर जे सांगेल ते येऊन मला सांगायचे. तिथे काय बघायचं विचारलं, तर म्हणे हिरवीगार शेतं, दीपगृहं, फिडल वाजवणारी माणसं. आणि बटाटे, डॅड, बटाटे वर्ल्ड फेमस. मी शाळेत शिकलेला इतिहास आठवून सर्टिफिकेट दिलं, "बरोबर आहे, आयर्लंड आणि बटाटे यांचं जुनं नातं आहे." व्हिसाचं विचारलं तेव्हा मुलगा हसला म्हणे, "डॅड, तू कॅनेडियन आहेस, तुला कशाला व्हिसा?" हेही बरोबरच होतं. तिकिटं मी काढतो, तू फक्त हॅलिफॅक्सला ये, असं तो म्हणाला. सगळं कसं छान जुळत होतं.

एका रविवारी मिस्सा आटोपून आले आणि मला गाडीत बसवून एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये घेऊन गेले. आयर्लंडमध्ये गाडी डावीकडून चालवतात, त्याची प्रॅक्टिस करायची होती. रिकाम्या लॉटमध्ये आम्ही डाव्या बाजूने संथपणे गोल गोल फिरत होतो. थोड्या वेळाने एक पंजाबी सिक्युरिटी गार्ड आला.

"अंकलजी, इधर राइट साइड है."

"मालूम है बेटा. इधर के लिए नहीं, उधर के लिए."

गार्डने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्याने काय समजायचं ते समजून आम्हाला अजून दोन चकरा मारू दिल्या.

त्याच आठवड्यात मुलाचा मला फोन आला. एरवी तो मला ख्रिसमसशिवाय फोन करत नसे. तो बोलतो इंग्रजीत, मी तुमच्यासाठी मराठीत लिहिते आहे. आवाज घाबरलेला होता. "आंटी, इज डॅड ओके? काल म्हणाला, मी डावीकडून गाडी चालवायची प्रॅक्टिस करतोय. त्याची मेमरी वगैरे...?"

मला राग आला. "मेमरीला काही झालेलं नाही. आयर्लंडमध्ये डावीकडूनच चालवतात."

मग तो म्हणाला, "आंटी, कुठलं आयर्लंड? वुई आर गोइंग टु द आयलंड. पी-ई-आय."

वाचकहो, एकदा मोठ्याने म्हणून पाहा. आयर्लंड. आयलंड. कानाचं यंत्र खिशात असेल तर फरक शून्य. हॅलिफॅक्सकडची माणसं प्रिन्स एडवर्ड आयलंडला नुसतं 'द आयलंड' म्हणतात. शेतं तिथे, दीपगृहं तिथे, फिडल तिथे आणि बटाटेही तिथलेच. गाडी घेऊन फेरीवर चढलं की तास-सव्वा तासात पोचतात. आमच्या टोरंटोलाही एक आयलंड आहे, तिथेही फेरी जाते, पण तिच्यावर गाडी चढत नाही. म्हणून त्या बस ड्रायव्हरच्या डोक्यात ते आलंच नाही.

मग मी त्याला सगळं सांगितलं. सिस्टर, हिरवी रेघ, आई, बोट, आणि त्याच्या डॅडने या सहलीचा काय अर्थ लावला ते. तो म्हणाला, "मॉम मला ती गोष्ट सांगून झोपवायची. मला आठवतं सगळं. पण आंटी, मी ही ट्रिप ठरवली तेव्हा ते माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं." त्याची रजा मोजकी, आयर्लंड या वर्षी शक्य नव्हतं. डॅडला मीच सांगतो, म्हणाला. दोन दिवसांनी पुन्हा फोन, "नाही जमलं सांगायला. तो खूप खूश आहे. इथे आला की समोर बसवून सांगतो. तोवर प्लीज तुम्ही बोलू नका."

मी कबूल केलं. पण मला मेलीला मनात ठेवणं जमत नाही. दुसऱ्या दिवशी ते शर्टांना इस्त्री करत होते, मी समोर बसले, उठले, पुन्हा बसले. त्यांनी इस्त्री उभी केली.

"ताई, तुम्हाला मुलाने सांगितलं वाटतं."

"काय?"

"ते आयलंड आहे. आयर्लंड नाही."

ते शांतपणे कॉलर सरळ करत म्हणाले, "ग्रोसरीत बटाट्यांची पिशवी उचलली, तिच्यावर छापलेलं होतं, प्रिन्स एडवर्ड आयलंड. तिथेच उभा राहिलो. म्हटलं, वर्ल्ड फेमस बटाटे ते हे होय."

"हे कधी?"

"झाले की बरेच दिवस. पार्किंग लॉटच्या आधी."

"आणि तरी तुम्ही मला डावीकडून गोल गोल फिरवलंत?"

"मग फोनवर सांगायला काहीतरी नको का?" ते म्हणाले. "ताई, आधी हवामान झालं की फोन संपायचा. आता तो एक दिवसाआड करतो. डॅड, स्वेटर घेतलास का. डॅड, तुला बोट लागते का. नातवंडं येऊन बोलतात. मी जर म्हटलं की मला आयर्लंड वाटलं होतं, तर त्याला आईचं आठवेल आणि आपण विसरलो म्हणून लाजेल. मुलाला लाजवून कुणी त्याच्याबरोबर फिरायला जातं का?"

"आणि तुम्हाला? तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. त्या दिवशी बटाटे न घेताच घरी आलो." मग त्यांनी तो हात वर केला. "त्याला सांगू नका. डावीकडून चालवतो म्हणून तो समजतोय मी नेहमीसारखा गोंधळलोय. समजू दे."

झालं. एक म्हणतो बापाला सांगू नका, दुसरा म्हणतो मुलाला सांगू नका. इकडे आड, तिकडे विहीर. मुलाचा फोन आला की डॅडला काही ठाऊक नाही असं बोलायचं, डॅड आले की मुलाला काही कळलेलं नाही असं बोलायचं. कुणाला काय माहीत आहे, हे मला झोपेतसुद्धा सुटेना. लॅबमध्ये असं झालं असतं तर मी राजीनामाच दिला असता. त्या दोघांपैकी कुणीच गोंधळलेलं नव्हतं. गोंधळलेली एकटी मी.

जुलैत ते गेले. परत आल्यावर दारात उभे राहून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आलो बघून."

"काय?"

"आयर्लंड." आणि खोकला येईपर्यंत हसले. त्यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. मुलाने त्यांना समोर बसवून सांगितलं की नाही, हेही मला कळलं नाही.

फोन मात्र चालू राहिले. पुढच्या हिवाळ्यात मुलाने त्यांना हॅलिफॅक्सला बोलावून घेतलं. जाताना म्हणाले, "ईस्टर झाला की येतो." ईस्टरच्या आधीच ते झोपेत गेले. मला बातमी मुलाने कळवली. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि खूप रडले. एवढी माझी माया कुणावर जडली असेल असं मला स्वतःला वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात मुलगा फ्लॅट रिकामा करायला आला. मी चहा घेऊन गेले तर तो खोक्यांना टेप लावत होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आंटी, मी डॅडशी खोटं बोललो."

"काय खोटं?"

"सांगणार होतो. फेरीवर सांगायचं नक्की केलं होतं. आम्ही रेलिंगपाशी उभे होतो, किनारा दिसायला लागला, आणि मी काय बोलून गेलो कुणास ठाऊक. माझं मराठी म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. पण मी मराठीतच बोललो. डॅडी, ते बघ, मम्मीचं आयर्लंड." तो थांबला. "डॅड इतका रडला, इतका रडला, की मुलं घाबरली. मग मी कसं सांगणार? तो आयर्लंड पाहिलं असं समजून गेला, आंटी. मी त्याला फसवलं."

मी वचन दिलं होतं, पण ज्याला दिलं तो गेला होता, आणि हा जिवंत माणूस माझ्यासमोर टेप हातात धरून उभा होता.

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं. "बटाट्यांच्या पिशवीवर वाचलं होतं त्यांनी. निघायच्या कितीतरी आधी. तू लाजशील म्हणून बोलले नाहीत."

त्याने टेप खाली ठेवली. "डॅडला माहीत होतं? मग रडला कशाला?"

"तू मम्मीचं म्हणालास म्हणून."

तो होता तिथेच कार्पेटवर बसला. मीही गुडघे सावरत त्याच्याशेजारी बसले. मग बराच वेळ आम्ही त्याच्या आईविषयी बोलत राहिलो, तो इंग्रजीत आणि मी मराठीत.