हैदर आंजीचा निळा

माझ्या वडिलांना फुलांचा रंग बदलता येत असे.

हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या हस्तलिखितात आलं असतं, तर मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं असतं. नोकरीभर मी तेच केलं, मुद्रितं तपासली. पण लहानपणी मी ते खरं धरून चालले होते आणि मोठेपणी खोटं. म्हातारपणी त्याचं काय करायचं, हा प्रश्न करंजाड्यातल्या माझ्या खिडकीखालच्या नऊ फूट बाय दीड फूट जमिनीने उभा केला.

आबा पाचगणीला एका बंगल्यावर माळी होते. मालक मंडळी मुंबईची. मे महिन्यात यायची आणि पाऊस यायच्या आत परत जायची. उरलेलं वर्ष बंगला आमचा असे, म्हणजे बाहेरून. आमची खोली मागे होती. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत भिंतीच्या कडेने एक लांब वाफा होता आणि त्यात ती झाडं: कमरेएवढी, दातेरी रुंद पानांची, शेंड्यावर बारीक फुलांचा गच्च चेंडू. रंग निळा. कसला निळा, हे सांगणं कठीण आहे. दौतीतली शाई संपत आली की आम्ही तीत पाणी घालायचो. त्या दिवशी वहीत जी अक्षरं उमटायची, त्यांचा निळा.

बाईसाहेब पाहुण्यांना वाफ्यापाशी आणून उभं करत. "हा सगळा गुलाबी होता. आमच्या माळ्याने निळा केला. काहीतरी मंत्र घालतो, मला सांगत नाही." पाहुणे आबांकडे बघायचे आणि आबा जमिनीकडे.

मी एकदा विचारलंच. "आबा, तुमी काय करता?"

"कुनाला सांगू नको," ते म्हणाले. "मुळाशी बसायचं आनि हळूच म्हनायचं, निळी हो गं बाय."

मी झेंडूवर करून पाहिलं. झेंडूने काही मनावर घेतलं नाही.

आबांच्या तोंडी त्या झाडाचं नाव हैदर आंजी असं होतं. बाईसाहेबांच्या तोंडून ऐकलेलं, पण बोलायचे अशा खात्रीने की ते दुसरं काही असेल असं वाटू नये. हैदर हा एक माणूस आणि आंजी त्याची बायको, आणि त्यांनी कधीतरी इथे हे झाड लावलं, अशी माझी समजूत होती. हैदर जरा तापट होता आणि आंजी समजूतदार. मी त्यांचा फार विचार करायची.

हैदर आणि आंजी दोघेही मुंबईत एका दिवशी वारले. मी नुकतीच छापखान्यात लागले होते आणि बागकामावरच्या एका पुस्तकाची मुद्रितं माझ्यासमोर होती. त्यात 'हायड्रेंजिया' असा शब्द आला. मूळ प्रतीशी ताडून पाहावं म्हणून शोधलं तर शेजारी चित्र, आणि चित्रात आमचा वाफा. खाली मजकूर होता. माती आंबट असली तर ह्याचं फूल निळं होतं, मातीत चुना असला तर गुलाबी. लाल मातीच्या डोंगराळ मुलखात ते बहुधा आपोआपच निळं येतं.

आपोआप. मी तो शब्द दोनदा वाचला. शुद्धलेखन बरोबर होतं.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी आबांना हे सांगितलं. का सांगितलं, याचं बरं उत्तर माझ्याकडे नाही. नव्या पगाराची आणि नव्या चष्म्याची ऐट असावी. ते पायरीवर बसून कात्रीला तेल देत होते.

"आबा, ते मातीमुळे होतं. आपल्याकडची मातीच तशी आहे. तुम्ही काही करत नाही."

त्यांनी कात्री दोनदा उघडझाप करून पाहिली. "असंल," ते म्हणाले. "तू शिकलेली हायेस."

आणि मग पुन्हा कधी त्यांनी माझ्याशी त्या फुलांचा विषय काढला नाही.

आई गेल्यावर आबा माझ्याकडे आले. तेव्हा मी खांदेश्वरला तिसऱ्या मजल्यावर राहत होते. खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन कुंड्या होत्या; एकीत तुळस, दुसरीत कोरफड. आबांनी दोन दिवसांत दोन्हींची माती बदलली, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांना करायला काही उरलं नाही. संध्याकाळी ते खाली जाऊन सोसायटीच्या फरशांमधल्या फटींतलं गवत उपटायचे. एकदा म्हणाले, "खालच्या मजल्यावर न्हाई का मिळायचं घर? चार हात जमीन असली तरी बास."

"बघू आबा," मी म्हणायची. मी ते दोन वर्षं म्हणत राहिले. मग म्हणायचं कारण उरलं नाही.

निवृत्तीनंतर मी करंजाड्याला तळमजल्यावरचं घर घेतलं. एजंटने मॉड्युलर किचन दाखवलं, लिफ्टचा बॅकअप दाखवला. तळमजल्यावर लिफ्टचा बॅकअप. मी खिडकीखाली बघत होते. तिथे विटा तिरप्या लावून कड केलेला एक पट्टा होता आणि त्यात काही नव्हतं. चार हातांहून जास्तच भरला.

नर्सरी पनवेलच्या रस्त्यावर आहे. नर्सरीवाला इथल्याच गावचा, आगरी. त्याच्या बापजाद्यांनी इथे भात लावला, हा शोभेची झाडं विकतो; पाम, गुलाब, सगळंच. मी त्याला म्हटलं, "हैदर आंजी आहे का?"

"हैदराबादी?"

माझ्या लक्षात आलं मी काय बोलले. "हायड्रेंजिया."

"हां, हायड्रेंजर. हाय ना. चला."

मागे हिरव्या जाळीखाली सात-आठ रोपं होती. दिवाळी नुकतीच झाली होती. फूल एकालाही नव्हतं. प्रत्येकाला दोऱ्याने एक छापील फोटो बांधलेला. काहींना निळा, काहींना गुलाबी, दोन रोपांना पांढरा. रोपं मात्र एकाच आईची दिसत होती.

"निळं कुठलं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"फोटो हाय ना त्याला."

"आणि फोटो कुणी बांधला?"

"फोटो मीच बांधला," तो हसून म्हणाला. "निळा घेऊन जा. लोकं निळाच नेतात."

मी पानं उलटून पाहिली, बुडाशी नवे कोंब आहेत का बघितलं, आणि सगळ्यांत दणकट रोप निवडलं. त्याला गुलाबी फोटो होता.

"निळा नको?"

"निळा मला करायचाय."

त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "मंग पांढऱ्याला हात नका लावू. पांढरा कोनाचा ऐकत नाय." आणि न विचारता लाल मातीची दोन पोती रिक्षात ठेवली.

मी खणायला बसले. आमच्या इमारतीखाली आहे तिला जमीन म्हणणं हा सौजन्याचा भाग झाला. तो भराव आहे. पहिल्या हातभर खोलीत निघालं ते असं: फरशीचे तुकडे, वायरचं वेटोळं, एक शिंपला, आणि गोणीच्या आकारात गोठून राहिलेलं सिमेंट. वायर सोडली तर हे सगळं चुन्याच्या जातीचं. इथे कुठलंही फूल आपोआप निळं होणार नव्हतं.

तेव्हा, हातात तो सिमेंटचा गोळा असताना, मला बंगल्याची भिंत आठवली. दर एप्रिलमध्ये, मालक यायच्या आधी, ती चुन्याने रंगवत. पांढरे ओघळ थेट वाफ्यात उतरायचे आणि आबा चिडायचे. वर्षानुवर्षं चुना पीत असलेला तो वाफा. पुस्तकाच्याच हिशेबाने तो गुलाबी असायला हवा होता. बाईसाहेब म्हणायच्या तसा.

आणि मला तुरटी आठवली. आबांना भरघोस दाढी होती, आणि तरी वाईच्या बाजारातून ते दर खेपेला नारळाएवढा तुरटीचा खडा आणायचे. आई म्हणायची, "अवो, दाढी तर कवा करीत न्हाई. मंग एवढी तुरटी काय माझ्या कपाळावर फिरवायची?"

"पानी निवाळाया," आबा म्हणायचे.

आमचं पाणी झऱ्याचं होतं. काचेसारखं.

घरात येऊन, हात न धुता, मी वाचलं. मोबाइलला माती लागली. लिहिलं होतं, तुरटीच्या पाण्याने माती आंबट होते आणि फुलाला निळा रंग यायला जे द्रव्य लागतं तेही तुरटीतच असतं. मात्र बेताने आणि नेमाने घालावं, फार झालं तर मुळं जळतात. बेताने आणि नेमाने. आबांच्या कामाचं एवढं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मुळाशी ते बसायचे हे खरंच होतं. बोलायचे की नाही, माहीत नाही.

म्हणजे मी त्यांना पायरीवर जे सांगितलं ते चूक होतं. नोकरीभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या; ही माझी, आणि जिथे दुरुस्त करायची ती प्रत आता हाताशी नव्हती. उरलं होतं ते एक झाड. मला एक निळं फूल हवं होतं. एकच. ते आलं तर आबा बरोबर होते, एवढं तरी मला माझ्यापुरतं लिहून टाकता आलं असतं.

दीड फूट खोल भराव काढला. लाल माती भरली, पालापाचोळा घातला, रोप होतं तेवढ्याच खोलीवर लावलं. दुपारनंतर तिथे इमारतीची सावली असते, ऊन सकाळचं. वाण्याकडे तुरटी मागितली तर तो म्हणाला, "एवढी? टाकी साफ करायची का?"

"पाणी निवळायला," मी म्हटलं.

दर पंधरा दिवसांनी, एक बादली पाण्यात थोडीशी. वॉचमन रोज बघायचा. शेवटी त्याने विचारलं, "ताई, हा कोबी धरनार कधी?"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन होतं. सकाळी बाहेर आले तर वाटेच्या दोन्ही कडांना पांढऱ्या फक्कीच्या सरळ रेघा मारलेल्या. कुणी मोठं माणूस येणार असलं की आपल्याकडे जमिनीवर चुना सांडतात. का, ते विचारायचं नसतं. एक रेघ माझ्या विटांवरून आत आली होती. वाफ्यात. बुडाशी.

चेअरमनसाहेब फेटा बांधून उभे होते. मी चमच्याने माती खरवडू लागले.

"मॅडम, अहो, काय करताय? पाहुणे यायचेत!"

"चुना काढतेय."

"पण शोभा असते ना ती!"

"फूल गुलाबी होईल माझं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "गुलाबी वाईट का?" असं त्यांनी अगदी सरळपणे विचारलं. मी खरवडत राहिले. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मी हातात चमचा घेऊन सावधान उभी होते.

एप्रिलमध्ये तीन कळ्या धरल्या. पहिला चेंडू वाटेच्या बाजूला उमलला. गुलाबी. दुसरा गुलाबीच, जरा मळकट. तिसरा भिंतीकडे होता, माझ्या खिडकीखाली, रेघेपासून सगळ्यांत लांब. तो बरेच दिवस हिरवट राहिला. मी रोज सकाळी चहा घेऊन खिडकीत उभी राहायची. पायरीवरचं ते 'असंल' रोज ऐकू यायचं.

एका सकाळी पाकळ्यांच्या कडांना काहीतरी दिसलं. चष्मा पुसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी शंका उरली नाही. पाणी घातलेल्या शाईचा निळा.

मी बाहेर जाऊन मुळाशी बसले. बसताना गुडघे वाजले. म्हणायचं ते आता उशिराचं होतं, पण म्हटलं, तुमचं बरोबर होतं. आबांना म्हटलं, झाडाला नाही.

त्या फुलाचं सोसायटीत नाव झालं. चेअरमनसाहेब येऊन दोन मिनिटं बघत राहिले. एक मेला 'उद्यान सौंदर्यीकरणा'चं उद्घाटन होतं, आणि उद्यान म्हणजे माझा वाफा आणि टाकीजवळची जास्वंद. झाडांना पाट्या लावायच्या होत्या.

"नाव काय म्हणालात याचं?"

"हैदर आंजी," मी म्हटलं. या वेळी चुकून नाही.

पाटीचा मजकूर त्यांनी तपासायला माझ्याकडेच पाठवला. तुम्ही त्यातल्या आहात, म्हणाले. 'सौंदर्यिकरण' होतं, तिथे मी दीर्घ केलं. 'संस्थापक चेअरमन' यातलं 'संस्थापक' काढावं असं सुचवलं. ते त्यांनी ऐकलं नाही. त्याखाली होतं, 'शास्त्रीय नाव: हैदर आंजी'. त्यावर मी बरोबरची खूण केली.

फीत कापली गेली, नारळ फुटला, पाहुणे फुलाबद्दल चांगलं बोलले. पाटी लोखंडी आहे, पायही लोखंडी, आणि ती वाऱ्याने हलू नये म्हणून झाडाच्या बुडाशी खड्डा करून तिच्या पायाभोवती दोन घमेली सिमेंट ओतलं आहे. पुढच्या वर्षी तिन्ही फुलं गुलाबी येतील.