वगीह उस्तादांचा पांढरा झगा

दिकिर्निस गावच्या बाजारातून फोटोवाला वगीह निघाला, की आपल्यामुळेच रस्ता उजळला असं त्याला वाटायचं. त्याचा तो झगा! खळ घालून कडक केलेला, उन्हात डोळे दिपवणारा. झग्याखाली माणूस म्हणाल तर एवढासाच, पण तोरा गव्हर्नराचा. मुलांचे फोटो हिरवे आले तर मुलं आजारी, नवरी निळी आली तर नवरीची पावडर स्वस्तातली. उस्तादांचं कधीच काही चुकलं नाही.

बी-बियाणं विकणाऱ्या बयूमीची मुलगी इन्शिराह हिचं लग्न ठरलं होतं. रुखवत मांडलं होतं. पलंगावर कोऱ्या पांढऱ्या चादरींची थप्पी छताला टेकायची बाकी होती. नवऱ्याची आई हाज्जा तफीदा गुडघेदुखीनं मन्सूरा शहरात अडकलेली, म्हणून तिला रुखवताचे फोटो पाठवायला वगीहला बोलावलं होतं. चादर जुनी दिसली तर सोयरीक मोडते, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं.

खोलीत एका बाजूला खिडकीचं ऊन, दुसऱ्या बाजूला झुंबराचे पिवळे दिवे. इन्शिराह म्हणाली, "उस्ताद, दिवे घालवू का?"

"पोरी, झुंबर काय मी खिशात घालून नेणार आहे? राहू दे. लोकांना दिसू दे, बापानं झुंबर लावलंय."

कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं, मग तो बाकीचे रंग त्यावरून धरतो. वगीहनं खिडकीत उभं राहून आपल्याच झग्याची बाही दाखवली. "ह्याहून पांढरं जिल्ह्यात नाही!" झालं. खटाखट फोटो काढले आणि जेवणातली भात भरलेली कबुतरं हाणून ढेकर देत गेला.

संध्याकाळी हाज्जांचा फोन. "बयूमीभाऊ, ह्या चादरी तुमच्या आजीच्या का पणजीच्या? झुंबराखालच्या तर लोण्यासारख्या पिवळ्या. आमचा मुलगा काय रस्त्यावर सापडलाय?"

बयूमी घामाघूम. इन्शिराह चादरी मोजू लागली, जणू मोजून त्या पांढऱ्या होणार होत्या. वगीहला ओढत आणलं. तो चादरींजवळ उभा राहिला आणि त्यानं बाही चादरीला लावून पाहिली. कोऱ्या चादरीशेजारी त्याचा झगा चक्क निळा दिसत होता. बायको धुताना नीळ घालायची ना! कॅमेऱ्यानं निळ्याला पांढरं मानलं, म्हणून खरं पांढरं पिवळं झालं. झुंबरानं त्यात आपली भर घातली.

सांगेल तर तो वगीह कसला? "कॅमेरा तापला होता," म्हणाला. खिडकी लावली, झुंबर मालवलं, एकच ट्यूबलाइट ठेवली, पांढऱ्याचं माप चादरीवरूनच घेतलं आणि नवे फोटो पाठवले. चादरी दुधासारख्या आल्या. छाती फुगवून चहा मागितला.

चहा यायच्या आत हाज्जांचा फोन आला. "वा, भाऊ! बोंब मारली तेव्हा नव्या आणल्यात होय? म्हणजे आधीच्या जुन्याच होत्या. लग्न मोडलं समजा."

बयूमीनं वगीहचं बखोट धरलं. "बोल! तुझ्या तोंडानं बोल, नाहीतर ह्या झुंबरालाच टांगतो."

"अहो, धंद्याची अब्रू..."

"माझी पोर बसलीय समोर! तुझ्या अब्रूला कोण विचारतंय?"

वगीहनं इन्शिराहकडे पाहिलं. ती रडत नव्हती, त्याच्या बाहीकडे बघत होती. त्यानं घाईघाईनं बाही मागं लपवली आणि फोन कानाला लावला.

"हाज्जा, चादरी त्याच आहेत, अल्लाशप्पथ. मी पांढऱ्याचं माप माझ्या झग्यावरून घेतलं. आणि झग्याला नीळ फार झाली होती." एवढं खरं बोलून त्याला धाप लागली. लगेच पुढचं सुचलं. "ती माझ्या बायकोनं घातली. माझा काही संबंध नाही."

पलीकडे हाज्जा अशी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "तुमच्या बायकोला सांगा, नीळ झग्याला नको, नवऱ्याच्या डोक्याला घाल. बयूमीभाऊ, लग्नाची गुरुवारची तारीख पक्की. आणि फोटोवाला दुसरा बघा."

इन्शिराह उठली आणि चादरींच्या घड्या घालू लागली. वगीह दारापर्यंत गेला, तिथून वळून म्हणाला, "तो चहा राहिला का?"