स्लॅबवरची पी.टी.

मूर्तिजापूरच्या आमच्या गल्लीतले पंजाबराव इंगळे गुरुजी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवत होते, म्हणजे गणिताच्या सरांचा पोर्शन बाकी नसेल तेव्हा. निवृत्त होताना शाळेनं शाल दिली, शिट्टी त्यांची स्वतःचीच होती.

लॉकडाऊन लागायच्या जरा आधी त्यांच्या नातीच्या, प्रियदर्शनीच्या पायाचं प्लास्टर निघालं. गुडघा अर्धाच वाके. डॉक्टरनं बजावलं होतं, रोज व्यायाम करा, नाहीतर असाच आखडून राहील. व्यायाम करून घेणारे अकोल्यात, आणि अकोल्याचा रस्ता बंद. पोरगी दिवसभर पलंगावर मोबाइल घेऊन.

"सारे पोरं बसून हायेत. मी एकटीच काहून करू?"

गुरुजींना मुद्दा पटला. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी जो तो स्लॅबवर पाणी मारतो, नाहीतर रात्री घराची भट्टी होते. गुरुजींनी घरोघरी फोन लावले: नळी बंद, बादल्या पोरांना वाहू द्या. स्लॅब निवला की शिट्टी वाजेल, ज्यानं त्यानं आपापल्या स्लॅबवर उभं राहायचं. प्रियदर्शनीला तिची आई, ज्योत्स्नाताई, उचलून वर आणणार. तिनं खुर्चीवर बसून पाय वाकवायचा.

पहिल्या शिट्टीला वर पोरं उभी राहिली आणि खाली आम्ही पळालो. आम्ही म्हणजे बंद पानठेल्यामागं पत्ते कुटणारे. त्या दिवसांत शिट्टी म्हणजे पोलीस. गोपालची चप्पल नालीत गेली.

"गुरुजी, पोरायची पी.टी. घेऊन राहिले का आमची?" गोपाल खालून ओरडला.

"तुमची शाळेत राहिली होती," गुरुजी वरून म्हणाले.

आठवडाभर बरं चाललं. मग खरा पोलीस आला. शिट्टी आमचं काम आहे म्हणाला आणि घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पोरं ओल्या स्लॅबवर उभी, अन् गुरुजी अंगणात बाजेवर बसलेले. प्रियदर्शनीनं विचारलं, "आबा, आज नाही का?"

"शिट्टी नेली न माय त्यानं."

"मंग तोंडानं मोजा."

"मले नाही ओरडता येत." जन्मभर शिट्टीनं बोललेला माणूस तो.

"मले येते."

ज्योत्स्नाताई उचलायला आल्या, तर तिनं त्यांचा हात झटकला. त्यांचा जिना बाहेरून आहे, त्यामुळं साऱ्या गल्लीनं पाहिलं. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, गुडघा वाकला की आईगं करत ती चढली. गुरुजी मागं दोन पायऱ्या सोडून, हात पुढं धरून, पण न लावता.

वर जाऊन तिनं डोळे पुसले आणि बोंब ठोकली, "एक! दोन!"

"पोटातून," मागून गुरुजी.

रोज तीच चढे, तीच मोजे. आम्हाला पळावं लागत नव्हतं, पण तिच्या मोजण्यात आमचे पत्ते काही नीट लागेनात.

पावसाळ्यात रस्ता उघडला. डॉक्टरनं गुडघा पुरता वाकवून पाहिला आणि विचारलं, व्यायाम कोणत्या सेंटरला केला?

"स्लॅबवर," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.