गादी आणि गोणपाट

परवा सुनेबरोबर साडीच्या दुकानात गेले, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला आणि निजाम जाऊन दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाचं परतूर आठवलं. माझं नवं लग्न होतं. गावाकडून कापसाच्या गाडीत बसून सासूबाईंबरोबर तिथं लुगडं घ्यायला गेल्ते. त्यांच्या जुनेराला कापूस चिकटलेला, माझ्या अंगावर लग्नातलं जरीकाठी लुगडं. दुकानातल्या नोकरानं मला पांढऱ्या गादीवर बोलावलं, “या बाईसाहेब, वर बसा.” सासूबाईंपुढं गोणपाट टाकलं. “तू इथं बस माय, गादी मळती.” त्या बसल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या. “बस की वर, तुला बोलावलंय.” मी गोणपाटाच्या कडेला टेकले. तो लुगडी दाखवायचा, पण त्याचा एक हात कापडावरून हटेना. “पळून न्हाई चालले मी,” म्हणत सासूबाई उठल्या. काही न घेताच निघालो. घर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी बघत नसते, तर बसली असतीस ना गादीवर?” परवा त्या दुकानातल्या पोरानं खुर्ची आणली आणि माझ्या सुनेपुढं सरकवली. ती बसते का, तेवढं मी बघत राह्यले.